वारा, ऊन आणि समोरची इमारत : खिडकीला पडदा लावावा की ब्लाइंड?

नव्या घराला रंग झाला, पंखे लागले, की प्रश्न येतो खिडक्यांचा. बहुतेक घरांत तो एका दुपारी उरकला जातो. दुकानात जायचे, सोफ्याला शोभेल असा रंग निवडायचा आणि सगळ्या खिडक्यांना तेच कापड लावून मोकळे व्हायचे. मग एप्रिल येतो. पश्चिमेच्या खोलीत चारनंतर बसवत नाही, बेडरूममध्ये सहालाच उजेड डोळ्यांवर येतो, स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या रोलर ब्लाइंडवर फोडणीचा चिकट थर बसतो. कापड वाईट नसते. ते चुकीच्या खिडकीवर गेलेले असते.

म्हणून निवड घराची करू नका, एकेका खिडकीची करा. आणि पहिली कसोटी लावा वाऱ्याची. ब्लाइंड म्हणजे वर गुंडाळला जाणारा, घड्या पडत वर जाणारा किंवा पट्ट्यांचा आडोसा. त्याच्या कॅटलॉगमधली खिडकी नेहमी बंद असते आणि खोलीत एसी चालू असतो. आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने खिडकी उघडी असते, वर पंखा फिरत असतो आणि संध्याकाळच्या झुळकीवर घर थंड होते. उघड्या खिडकीवर जे नीट चालत नाही ते कितीही देखणे असले तरी महिन्याभरात वर गुंडाळून ठेवले जाते.

आधी वही आणि टेप

एका सुट्टीच्या दिवशी वही आणि स्टीलची टेप घेऊन घरभर फिरा. प्रत्येक खिडकीपुढे लिहा : ऊन किती वाजता येते आणि कुठवर पोचते, खिडकीचा नेमका कोणता भाग उघडतो, आणि खाली काय आहे. पलंग, दिवाण, ओटा, अभ्यासाचे टेबल, की मोकळी लादी?

चौथी नोंद रात्रीची, आणि तीच नेहमी राहून जाते. आठ वाजता खोलीत दिवा लावा, खाली उतरा किंवा समोरच्या जिन्यात जा आणि आपल्या खिडकीकडे बघा. दिवसा जाळीच्या पडद्यातून आपल्याला बाहेरचे दिसते, बाहेरच्याला आतले दिसत नाही. दिवा लागला की हे उलटते. काचेला लावायच्या आरशासारख्या फिल्मचेही तेच, दिवसा आडोसा आणि रात्री उघडे घर. दोन इमारतींत वीस-पंचवीस फूट अंतर असेल तर नुसत्या जाळीच्या पडद्यावर भागत नाही. त्याच्यामागे किंवा पुढे दुसरे काहीतरी जाड लागते.

ऊन कुठल्या बाजूचे?

महाराष्ट्रात शून्य सावलीचा दिवस मे महिन्यात येतो, म्हणजे तेव्हा भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेची खिडकी उन्हाळ्यात आपल्याला वाटते तेवढी तापत नाही, दीड फुटाचा छज्जाही ते ऊन अडवतो. डिसेंबरात मात्र मुंबईच्या अक्षांशावर दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच असतो आणि दक्षिणेचे ऊन खोलीत आतवर येते. पुण्या-नाशकाच्या थंडीत ते हवेसेच वाटते. दक्षिणेला महागडे ब्लॅकआऊट, म्हणजे उजेड पूर्ण अडवणारे कापड, घेऊ नका. पूर्ण बाजूला सारता येईल असा साधा पडदा तिथे उत्तम.

पूर्वेचे ऊन कोवळे असते आणि दहा-साडेदहाला वर सरकते. तिथे प्रश्न उष्णतेचा कमी, झोपेचा जास्त. उत्तरेला मे ते जुलै सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन लागते, एरवी दिवसभर शांत उजेड. त्या खिडकीवर जाड कापड लावणे म्हणजे घरातला सर्वांत चांगला उजेड वाया घालवणे.

खरी परीक्षा पश्चिमेची. तीननंतर सूर्य इतका खाली आलेला असतो की छज्ज्याचा उपयोग नसतो आणि ऊन सरळ काचेवर येते. उन्हाळ्यात मावळती पश्चिमेपासून थोडी उत्तरेकडे सरकते, म्हणून वायव्येच्या खिडक्याही यात आल्या. शिवाय मुंबई आणि कोकणात पावसाचा वारा याच बाजूने येतो. म्हणजे एकाच खिडकीला दोन महिने आग आणि चार महिने झड. घरातला जास्तीत जास्त पैसा आणि विचार याच खिडकीवर खर्च करा.

काच ऊन आत येऊ देते, पण त्या उन्हाने तापलेल्या पडद्याची उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. आत लावलेला पडदा तापला की ती उष्णता आपल्याच खोलीत राहते. म्हणून आतल्या पडद्याचे काम ऊन शोषणे नव्हे, ते आल्या वाटेने काचेतून परत धाडणे. काचेकडची बाजू पांढरी किंवा चंदेरी हवी. गडद निळा ब्लॅकआऊट खोलीत अंधार करतो, पण त्याची पाठही गडद असेल तर संध्याकाळी हात लावून बघा, तो स्वतःच तापलेला लागतो. दुकानात ‘हा थर्मल आहे’, म्हणजे उष्णता अडवतो, असे सांगितले तर कापड उलटे करून बघा. रंग पुढून कुठलाही असो, पाठ पांढरी हवी.

याहून कितीतरी चांगला उपाय म्हणजे ऊन काचेच्या बाहेरच अडवणे. बाल्कनी असेल तर तिच्या कडेला बांबूची चिक सोडा. काच तापतच नाही आणि चिकेच्या फटींतून वारा येत राहतो. खालची पट्टी कठड्याला दोन ठिकाणी बांधून ठेवा, नाहीतर वळवाच्या पहिल्याच वादळात ती आपटून फाटते. मात्र बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींना अनेक सोसायट्यांत परवानगी लागते, रंगही ठरलेला असतो. तेवढे आधी विचारून घ्या. पावसाळ्यात चिक उतरवून कोरडी करून ठेवली नाही तर कोकणात तिला बुरशी लागते. विदर्भ-मराठवाड्यात ती वर्षानुवर्षे टिकते.

विदर्भातल्या वाळ्याच्या ताट्यांमागेही शास्त्र आहे. पाणी शिंपडलेल्या ताटीतून कोरडी गरम हवा आली की पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हे झकास चालते. मुंबईच्या दमट हवेत पाणी फारसे उडतच नाही, तिथे वाळ्याचा नुसता वास मिळतो.

वारा : उघडी खिडकी कशी वागते

दोन झडपांची स्लायडिंग खिडकी जास्तीत जास्त अर्धीच उघडते. आता तिच्यावर रॉड अगदी चौकटीएवढाच लावला, तर पडदा उघडूनही गोळा झालेले कापड खिडकीच्या कडेवरच लटकते आणि नेमका उघडणारा अर्धा भाग झाकते. वारा यायचा तो येत नाही, आणि दोष पडतो बिल्डरला. उपाय सोपा आहे. रॉड चौकटीच्या दोन्ही बाजूंना आठ ते दहा इंच पुढे काढा, म्हणजे उघडलेला पडदा भिंतीवर जमा होतो. खोलीही मोठी दिसते.

जोराच्या वाऱ्यात पडदा फडफडतो, पण बिघडत नाही. रोलरची खालची पट्टी मात्र चौकटीवर आपटते आणि कापड कडेला मुडपते. व्हर्टिकल ब्लाइंडच्या उभ्या पट्ट्या एकमेकींवर आपटून रात्रभर आवाज करतात. म्हणून जी खिडकी रात्री उघडी ठेवून तुम्ही झोपता तिच्यावर मी ब्लाइंड सुचवत नाही. जी खिडकी बहुतेक बंद असते, एसीच्या खोलीतली किंवा रस्त्याकडची, तिच्यावर ब्लाइंड छान काम करतो.

डासांची जाळी विसरू नका. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे जाळी दिवसाही लावलेली असते. तिसऱ्या ट्रॅकवरची सरकती जाळी असेल तर काही अडत नाही. पण चौकटीला आतून चिकटवलेली वेल्क्रोची जाळी किंवा आत उघडणारी झडप असेल तर चौकटीच्या आत बसणारा ब्लाइंड रोज अडथळा होतो.

जुन्या घरांत, चाळींत, गजांच्या खिडक्यांवर एक पद्धत होती : खालच्या अर्ध्या भागावर स्प्रिंगच्या तारेत ओवलेला आखूड पडदा, वरचा भाग मोकळा. रस्त्यावरच्या माणसाची नजर अडते, वरून उजेड आणि वारा येतो, आणि पडदा पाच मिनिटांत काढून धुता येतो. तळमजल्यावर राहत असाल तर याहून चांगला पर्याय मला आजही दिसत नाही. तारेऐवजी बारीक स्टीलचा रॉड लावा, इतकेच.

प्रकार ओळखा

पडद्यांत सर्वांत जास्त चालतो तो आयलेटचा, म्हणजे वर गोल कड्या बसवलेला. सरकतो सहज, काढायला सोपा. त्याचा एकच अडसर असा की मध्ये रॉडला धरणारा ब्रॅकेट आला तर कडी त्याच्यापुढे जात नाही. चुण्यांचा पडदा हुकांनी ट्रॅकमध्ये अडकतो, भरदार दिसतो, पण शिलाई जास्त आणि धुताना हुक काढावे लागतात. सीलिंगच्या ट्रॅकवर सारख्या लाटा घेत पडणारा प्रकार हल्ली लोकप्रिय आहे. मोठ्या बाल्कनीच्या दाराला तो शोभतो आणि मधल्या ब्रॅकेटचा प्रश्नच येत नाही.

दुहेरी रॉडवर मागे जाळीचा आणि पुढे जाड पडदा ही हॉलसाठी सगळ्यांत समंजस रचना. दिवसा मागचा, रात्री दोन्ही.

ब्लाइंडमध्ये रोमन हा खरे तर पडद्याचाच भाऊ. कापडाचा असतो, दोरी ओढली की घड्या पडत वर जातो. मागच्या काड्या आणि वरचा वेल्क्रो काढून तो धुता येतो, म्हणून घरासाठी मला तो जवळचा वाटतो. मात्र वर केल्यावर घड्यांचा गठ्ठा सुमारे आठ ते बारा इंच जागा खातो. खिडकी आधीच बुटकी असेल तर तो चौकटीच्या वर लावावा.

रोलर सर्वांत आटोपशीर. वर गेला की जवळजवळ दिसतच नाही आणि पूर्ण खिडकी मोकळी होते. त्यात सनस्क्रीन नावाचे जाळीदार कापड मिळते, १, ३, ५ किंवा १० टक्के मोकळे. आकडा जितका कमी तितकी वीण घट्ट. बाहेरचे दृश्य हवे पण ऊन नको अशा पश्चिमेच्या खिडकीला ३ टक्के घ्या. फिकट रंग उष्णता जास्त परतवतो, गडद रंगातून बाहेरचे स्वच्छ दिसते. रात्री दिव्यात ते आरपार दिसते, हे पुन्हा सांगते.

झेब्रा सध्या सगळीकडे दिसतो. आडव्या जाड-पातळ पट्ट्यांचे दोन थर पुढे-मागे करून उजेड कमी-जास्त होतो, आणि ते खरोखर सोयीचे आहे. पण पूर्ण बंद केला तरी पट्ट्यांच्या कडांतून उजेड झिरपतो आणि कापड धुता येत नाही. हॉलला चालेल, झोपायच्या खोलीला नको.

व्हेनेशियनच्या आडव्या पट्ट्या उजेड हव्या त्या कोनात वळवतात. अभ्यासाच्या टेबलासमोर, संगणकाच्या पडद्यावर चकाकी येते तिथे त्याला तोड नाही. धूळ मात्र पट्टी-पट्टीवर बसते. महामार्गालगत किंवा चालू बांधकामाशेजारी राहत असाल तर घेऊ नका. समुद्राजवळ खऱ्या लाकडाच्या पट्ट्या दमटपणाने वाकतात, तिथे ॲल्युमिनियम बरा. व्हर्टिकल कार्यालयातच शोभतात.

रहदारीचा आवाज कुठल्याच पडद्याने थांबत नाही. जाड कापडाने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा हॉर्न तसाच ऐकू येतो. त्यासाठी झडपांच्या कडांचे रबर आणि ब्रश बदला.

खोल्यांप्रमाणे

झोपायच्या खोलीत अंधार हवा तर नुसत्या ब्लॅकआऊट रोलरवर विसंबू नका. रोलरचे कापड त्याच्या ब्रॅकेटपेक्षा थोडे अरुंद असते, त्यामुळे दोन्ही कडांना उजेडाच्या उभ्या रेघा राहतात. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्याची झोप मोडायला त्या रेघाही पुरतात. पडदा चौकटीबाहेर दोन्हीकडे आठ इंच जाणारा, वर रॉडच्याही वर थोडा चढलेला घ्या, किंवा आत रोलर आणि बाहेर साधा पडदा अशी जोडी करा. एसीखाली खिडकी असेल तर पडद्याचे वरचे टोक हवेच्या झोताच्या वाटेत येत नाही ना, ते बघा.

स्वयंपाकघरात शेगडीच्या जवळ लोंबते कापड अजिबात नको. वाऱ्याने ते ज्योतीवर येऊ शकते. नुसता आडोसा हवा असेल तर काचेला दुधी फिल्म लावा, ती रात्रीही काम करते आणि ओल्या फडक्याने पुसता येते. काही लावायचेच तर खालच्या अर्ध्याला आखूड सुती पडदा, दोन जोड, महिन्याला बदलायचा. पट्ट्यांचा ब्लाइंड तेलकट धुळीने इतका चिकट होतो की पुसणाऱ्याला रडू येते. देवघर खिडकीशेजारी असेल तर समईच्या बाबतीतही हाच नियम.

बाथरूमला दुधी काच किंवा फिल्म. विषय संपला.

भाड्याच्या घरात ब्लाइंड करून घेऊ नका, पुढच्या घराच्या मापाला तो बसत नाही. तयार पडदे ५, ७ आणि ९ फूट उंचीत मिळतात, ते सोबत नेता येतात. ७ फुटी घेतलेत तर पुढे दारालाही चालतात आणि खिडकीसाठी आखूडही करता येतात.

माप आणि हिशेब

हॉलची एक पश्चिमेची खिडकी घेऊ : रुंदी ६ फूट, उंची ४ फूट, चौकटीचा वरचा काठ लादीपासून ७ फुटांवर. खाली मोकळे आहे, म्हणून पडदा पूर्ण उंचीचा.

रॉड दोन्हीकडे ९ इंच जास्त, म्हणजे एकूण ९० इंच. तो चौकटीच्या ६ इंच वर, म्हणजे लादीपासून ९० इंचांवर. आयलेटचा पडदा रॉडच्या दीडएक इंच वर जातो आणि खाली लादीपासून एक इंच वर थांबायला हवा, कारण आपल्याकडे रोज लादी पुसली जाते. लादीवर लोळणारे पडदे चित्रात छान दिसतात, आपल्या घरात आठवड्याभरात त्यांची खालची पट्टी काळी पडते. तयार उंची धरू ९० इंच.

पडद्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ४८ इंच असतो. कडा दुमडून हातात ४६ उरतात. आयलेटला रुंदीच्या दुप्पट कापड लागते, म्हणजे एक पाट (एका पन्ह्याची उभी पट्टी) २३ इंच झाकतो. ९० भागिले २३, सुमारे ४ पाट, दोन्हीकडे दोन-दोन. दुकानदार तीनमध्ये बसवून देतो म्हणाला तर नको म्हणा. बंद केल्यावर तो पडदा ताणलेल्या चादरीसारखा सपाट दिसतो. जाळीचे कापड असेल तर दुपटीऐवजी अडीचपट घ्या.

उंचीत वर ४ इंच, खाली ६ इंच दुमड आणि २ इंच शिलाई-सांभाळाचे : ९० अधिक १२, म्हणजे १०२ इंच, साधारण २.६ मीटर. चार पाटांना १०.४ मीटर. पण कापडावर मोठे डिझाइन असेल आणि ते दर २४ इंचांनी परत येत असेल, तर सगळ्या पाटांवर फुले एका रेषेत येण्यासाठी प्रत्येक पाट २४ च्या पटीत कापावा लागतो, म्हणजे १२० इंच. तेच काम १२.२ मीटरवर जाते. भाव विचारताना हे लक्षात ठेवा. साधे कापड आणि डिझाइनचे कापड यांतला फरक मीटरच्या भावापुरता नसतो.

सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटते. ९० इंचांच्या पडद्यात तो फरक तीन-चार इंचांचा झाला. कापड शिवण्याआधी भिजवून वाळवा, किंवा खालची दुमड जास्त ठेवायला सांगा. खिडकीला टेकून सोफा किंवा पलंग असेल तर पूर्ण उंचीचा हट्ट सोडा आणि पडदा खिडकीच्या कट्ट्याखाली सहा इंचांवर थांबवा.

ब्लाइंडचे माप वेगळे. आधी ठरवा, चौकटीच्या आत की भिंतीवर. आत बसवायचा तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजा आणि सर्वांत लहान आकडा द्या. दोन्ही कर्णही मोजा. त्यांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक निघाला तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही, ब्लाइंड बाहेरूनच लावा. माप देताना ‘हे चौकटीच्या आतले माप आहे, सूट तुम्ही धरा’ असे लिहून द्या. आपणही अर्धा इंच वजा केला आणि कारखान्यानेही केला की फट राहते. चौकटीच्या आत खोली साधारण तीन इंच हवी. नव्या इमारतींत स्लायडिंगचा ट्रॅक पुष्कळदा भिंतीच्या आतल्या काठाशीच असतो आणि तेवढी जागा मिळत नाही.

भिंतीवर लावताना चारही बाजूंना चार इंच जास्त धरा. वरच्याच खिडकीला ८० गुणिले ५६ इंच झाले, म्हणजे सुमारे ३१ चौरस फूट. ब्लाइंडचा भाव चौरस फुटावर असतो आणि छोट्या खिडकीलाही अनेक जण ठरावीक किमान चौरस फुटांचे बिल लावतात, ते आधीच विचारा. पडद्याच्या बाबतीत कापड, अस्तर, प्रत्येक पाटाची शिलाई, कड्या, रॉड, ब्रॅकेट आणि बसवणूक हे सगळे वेगवेगळे लिहून मागा. ‘एका खिडकीचे एवढे’ अशा भावात काय धरले नाही ते नंतर कळते.

दुकानात कापड कसे पारखाल

पुण्यात लक्ष्मी रस्ता-रविवार पेठ, मुंबईत मंगलदास मार्केट, नागपुरात गांधीबाग अशा कापडबाजारांत जाल तर सकाळी जा, डोके शांत असते. ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. तुकडा बाहेर उजेडात न्या, दोन्ही हातांनी सूर्याकडे धरा आणि आरपार काय दिसते ते बघा. ब्लॅकआऊट म्हणून दिलेल्या कापडामागे मोबाईलचा टॉर्च लावा. प्रकाशाचा ठिपकाही दिसला नाही तरच ते ब्लॅकआऊट. नाहीतर ते फक्त जाड कापड आहे, आणि त्याला तोच भाव द्यायचा.

मग एक कोपरा मुठीत घट्ट चुरगाळून मिनिटभर धरा. सोडल्यावर सुरकुत्या तशाच राहिल्या तर घरीही इस्त्रीशिवाय तो नीट दिसणार नाही. पांढरा रुमाल ओला करून गडद रंगावर घासा. रुमालाला रंग लागला तर त्या पडद्याशेजारी फिकट भिंत ठेवू नका. शक्य असेल तर अर्धा मीटर तुकडा विकत घेऊन दोन दिवस खिडकीवर टाचून ठेवा. दुपारचा आणि दिव्यातला रंग वेगळा असतो.

सुती आणि लिनन हाताला सुखद, पण कडक उन्हात त्यांचा रंग उडतो आणि धागा कुजतो. पूर्व-पश्चिमेला त्यांना अस्तर लावाच, आयुष्य वाढते. पॉलिस्टर ऊन जास्त सोसते आणि पावसाळ्यात लवकर वाळते. कोकणात आणि मुंबईत हे दुसरे कारण निर्णायक आहे. मखमल आणि जाड जॅकार्ड दमट हवेत कुबट वास धरतात, धूळही धरतात. घरात कोणाला दमा किंवा धुळीचा त्रास असेल तर हलके, घरी मशीनमध्ये धुता येईल असेच कापड घ्या आणि दर दोन-तीन आठवड्यांनी धुवा.

बसवताना

फ्लॅटच्या खिडकीवर बहुधा काँक्रीटचा लिंटेल किंवा बीम असतो. तिथे साधे ड्रिल फिरत राहते, भोक पडत नाही, आणि कंटाळलेला माणूस अर्ध्या इंचावर स्क्रू संपवतो. हॅमर ड्रिल आहे का ते आधी विचारा. बाजूच्या भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या असतील तर तिथे स्क्रूसाठीची नेहमीची प्लास्टिकची गिट्टी ढिली होते, त्या ब्लॉकसाठीची वेगळी लांब गिट्टी मिळते. पीओपीच्या सीलिंगला ट्रॅक लटकवायचा असेल तर आत प्लायची पट्टी सीलिंग करतानाच बसवून घ्यावी लागते. नुसते पीओपी पडद्याचे वजन पेलत नाही. पेलमेट, म्हणजे वरचा ट्रॅक झाकणारी पेटी, करणार असाल तर दोन ट्रॅकसाठी आतून साधारण ८ इंच खोली ठेवा. हे सगळे सुताराशी रंगकामाआधी बोला.

सहा फुटांहून लांब रॉडला मध्ये आधार हवा, नाहीतर तो वर्षभरात पोटात वाकतो. आयलेटचा पडदा असेल तर आधार बरोबर मध्यावर घ्या आणि पाट दोन्हीकडे वाटून टाका. समुद्रालगत स्टेनलेस स्टीलचा रॉड आणि गंज न धरणाऱ्या कड्याच घ्या. गंजाचा डाग कापडावरून जात नाही.

घरात लहान मूल असेल, किंवा नातवंडे सुट्टीला येत असतील, तर ब्लाइंडच्या लोंबत्या दोरीकडे गांभीर्याने बघा. दोरीचा किंवा मण्यांच्या साखळीचा फास गळ्यात अडकून मुले दगावलेली आहेत, आणि ते काही मिनिटांत, आवाज न होता घडते. अमेरिकेत डिसेंबर २०१८ पासून तयार ब्लाइंड दोरीविना किंवा मुलाच्या हाती न लागेल अशा दोरीचेच विकायचा नियम झाला. आपण ऑर्डर देतानाच दोरीविना किंवा स्प्रिंगचा प्रकार मागा. साखळीचाच असेल तर ती भिंतीला ताणून धरणारी क्लिप बसवल्याशिवाय बसवणाऱ्याला सोडू नका. आणि पाळणा, पलंग, खुर्ची त्या खिडकीखालून हलवा. मुले चढून पोचतात.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी प्रत्येक पडदा स्वतः दोनदा पूर्ण उघडा-मिटा, ब्रॅकेट हाताने हलवून बघा, आणि रात्री पुन्हा खाली उतरून खिडकीकडे नजर टाका.

धुणे आणि सांभाळ

दिवाळीच्या साफसफाईत सगळे पडदे एकदम काढण्याची आपली रीत आहे, पण कोकणपट्टीत एक धुणे मेअखेरीस हवेच, पाऊस लागण्याआधी. धुळीने भरलेला पडदा दमट हवेत राहिला की बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते सहसा निघत नाहीत. पावसाळ्यात पश्चिमेचे जाड पडदे उतरवून हलके पॉलिस्टरचे लावा. कड्यांसह मशीनमध्ये टाकताना वरची बाजू उशीच्या अभ्र्यात घालून बांधा, ड्रमला ओरखडे पडत नाहीत. पिळून झाल्यावर ओलसर असतानाच परत रॉडवर चढवा आणि पंखा लावा. स्वतःच्या वजनाने तो सरळ होतो, इस्त्री लागत नाही. ब्लॅकआऊटच्या मागचा लेप गरम पाण्याने आणि ड्रायरने तडकतो, तो थंड पाण्यात हातानेच.

रोलर आणि झेब्रा पाण्यात बुडवू नका. व्हॅक्युमचा मऊ ब्रश महिन्यातून एकदा वरून खाली फिरवा, डागावर ओले फडके टिपून घ्या, घासू नका. आणि शिंप्याकडून उरलेले कापड आठवणीने मागून घ्या. रॉडच्या कडेला घासून फाटलेली पट्टी दोन वर्षांनी बदलायची वेळ येते तेव्हा तोच माल बाजारात मिळत नाही.